पाणी गाळून पिण्याचा गुन्हा

आये,

काल गावाकडे जाऊन आले. तू गेल्यापासून तिकडे माझं फारसं जाणं नाही. कुणाचं लग्न असलं किंवा मयत झाली तर जाते आणि दुधनीकडून येणारी संध्याकाळची एसटी धरून सोलापूरला परत येते. काल मात्र मुद्दाम बोलावणं होतं, तेही बारवेच्या कार्यक्रमाचं. होय, तीच ती पायऱ्यांची बारव. हातपंप आल्यावर गावाने तिला टाकून दिलं होतं आणि तिच्यात बाभळी नि कचरा माजला होता. आता गावातल्या नि अक्कलकोटच्या काही पोरांनी मिळून ती साफ केली. गाळ उपसला, निखळलेले दगड जागेवर बसवले, पायऱ्या घासून धुतल्या. त्यांच्यातल्याच एकाचा फोन आला होता. "मॅडम, तुम्ही आमच्या गावच्या, हायस्कूलला सायन्स शिकवता, दोन शब्द बोला." पोरगा मनापासून बोलत होता, म्हणून हो म्हटलं. तिथे पोचले तर काठावर नवाकोरा फलक. त्यावर निळ्या अक्षरांत लिहिलेलं: संपूर्ण गावाची तहान भागवणारा आपला वारसा. मी ते पुन्हा एकदा वाचलं. संपूर्ण गावाची! आये, तिथेच माझं डोकं फिरलं, आणि ते अजून ठिकाणावर आलेलं नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

संपूर्ण गाव म्हणजे कोण गं? आपण त्यात कधी होतो? मला तर आपण काठावर बसलेल्याच आठवतो. ऐन उन्हाळा आहे, बारवेच्या वरच्या कडेला, आपल्यासाठी ठरवून दिलेल्या कोपऱ्यात, तू घागरी मांडून उकिडवी बसली आहेस आणि मी तुझ्या पाठीच्या सावलीत. आपल्याला पायरी उतरायची बंदी. खाली गावातल्या बाया लुगडी गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात उभ्या आहेत, पाय चोळताहेत, चुळा भरताहेत, गप्पा हाणताहेत, मग त्याच पाण्यात घागर बुडवून वर येताहेत. येता येता कुणाला दया आली तर ती हात उंच धरून आपल्या घागरीत धार सोडते. भांड्याला भांडं लागता कामा नये, म्हणून अर्धं पाणी मातीत जातं. तू मान वर करून म्हणते आहेस, "वाढा की ओ अव्वा, लेकरं तानेली हायती." अव्वा म्हणजे वरच्या आळीतली ती उंच बाई. घरात कानडी बोलायची, आपल्याशी मराठी. सगळ्यांत तीच त्यातल्या त्यात बरी. रोज आपल्या घागरीत तिच्या हातची धार पडायची, म्हणून तू तिच्या येण्याच्या वाटेवर डोळे लावून बसायचीस. पाण्यासाठी माणसाने माणसाच्या तोंडाकडे असं बघत राहावं, हे तेव्हा मला चुकीचं वाटत नव्हतं. आज वाटतं, आणि तेव्हा वाटलं नाही याचाही संताप येतो.

माझ्या वर्गातल्या मुलींना नारू म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं. सांगितलं की त्या ईऽऽ करून नाकाला रुमाल लावतात. त्यांचं बरोबरच आहे. मी नऊ-दहा वर्षांची असेन त्या वर्षी तुझ्या घोट्याजवळ फोड आला, निखारा ठेवल्यासारखी आग सुरू झाली आणि फोड फुटून आतून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा डोकावला. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा बाहेर ओढायचा, एवढंच औषध. घाई केली नि तुटला तर पाय सडलाच म्हणायचं. तुझी आई तेच करत आली होती, तिच्या दोन्ही पोटऱ्यांवर वण होते. तू काडी बांधून तशीच खुरपायला जात राहिलीस आणि ढेकळात पाय मुरगळून तो किडा आतल्या आत तुटला. मग पाय भोपळ्याएवढा सुजला. आपलं ते घर तुला आठवतंय ना? दगडमातीच्या भिंती, वर पाचट, वाकून शिरायचं दार, आणि खिडकीच्या नावाने बोंब. चुलीचा धूर पाचटातून वाट काढत जाईल तेवढा जायचा, बाकीचा आपल्या छातीत. त्या धुरात तू सुजलेला पाय पुढे पसरून, भिंतीला टेकून भाकरी थापते आहेस. तव्यावरची भाकरी उलटायला पुढे वाकतेस तेव्हा दातांखाली ओठ धरतेस. मी म्हणते, मी थापते, तर तू म्हणतेस, "तू अब्यास कर."

आणि गावात काय बोललं जायचं? नारू आपल्या वस्तीतून येतो. आपल्या घाणीतून. आपली वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या खळग्यात. जागा आपण निवडली नव्हती, दुसरीकडे कुणी बसूच दिलं नव्हतं. साऱ्या गावाच्या मोऱ्यांचं पाणी उतरून आपल्या दारापुढे साचायचं, आपण त्यात दगड टाकून वाट करायचो, आणि घाण मात्र आपली ठरायची! हे सगळे न्हाऊन-धुऊन, गंध लावून, पाण्यात पाय सोडून बसणारे लोक स्वच्छ, आणि ज्यांना पिण्यापुरतंही मिळत नाही ते घाणेरडे. चाळीस-एक वर्षं झाली असतील, पण हे लिहितानासुद्धा मी पेन कागदात रुतवते आहे.

त्याच उन्हाळ्यात तालुक्याहून तो माणूस आला. नारूवाले साहेब म्हणायचे त्याला सगळे. देवळापुढच्या लिंबाखाली सभा भरली. गाव सावलीत, वस्ती उन्हात. तू पाय ओढत आली होतीस, माझ्या खांद्याचा आधार घेऊन. साहेबांनी काचेच्या ग्लासात बारवेचं पाणी घेतलं आणि उन्हात धरून दाखवलं. त्यात बारीक ठिपके टुणटुण उड्या मारत होते. ते म्हणाले, "ज्याच्या पायाला नारू आहे, तो पाण्यात उभा राहिला की किडा तिथं पिल्लं सोडतो. ती या ठिपक्यांच्या पोटात जातात आणि तुम्ही हे पाणी पिता. पुढच्या साली नारू तुमच्या पायात." उपाय दोनच. पाणी चौपदरी फडक्याने गाळून प्यायचं. आणि बारवेच्या पायऱ्या बंद करून, कठडा बांधून रहाट बसवायचा, म्हणजे पाण्यात कुणाचा पाय जाणार नाही. इतकं सोपं होतं ते, आये. मला तर वाटलं, आता उद्याच गवंडी येणार.

गावातला एक म्हातारा उठला. "समद्यांनीच रहाटावरनं पानी वडायचं म्हंता?"

साहेब म्हणाले, "हो, सगळ्यांनीच."

"समद्यांनी म्हंजे?"

साहेबांना प्रश्न कळला नाही, किंवा कळला आणि त्यांनी ग्लासाकडे बघायचं ठरवलं. म्हाताऱ्याने मग फोड करून सांगितलं. "आज आमी वरनं वाढतो. रहाट आला म्हंजे त्यांचा पोहरा आमच्या पान्यात बुडनार की वो!" दुसरा कुणी म्हणाला, "आन् साहेब, रोग त्या वस्तीत हाय. तितनं गावात येतो. आदी तितली घान काढा, मंग पायऱ्यांचं बगू." माना डोलल्या. मी तुझ्या शेजारी उभी होते आणि मला खरंच, अगदी प्रामाणिकपणे, गणित सुटत नव्हतं. मी मोठ्याने विचारलं, "पन आमी तर पान्याला शिवतच न्हाय. मंग आमच्या पायातला नारू पान्यात गेलाच कसा?"

कुणीतरी हसलं. साहेबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आणि पुढच्या क्षणी तुझा हात माझ्या गालावर बसला. असा बसला की कान वाजला. सगळ्या गावादेखत. मग तू हात जोडून म्हणालीस, "चुकलं जी. लेकरू हाय, त्येला काय कळतंय." मला कळत होतं, आये! त्या लिंबाखाली जमलेल्यांत तेवढंच एक वाक्य शहाणपणाचं होतं आणि त्याबद्दल तू मला मारलंस. पुढे शाळेत, कॉलेजात, नोकरीत जिथे जिथे मी बोलायला तोंड उघडलं, तिथे तो गाल आधी तापला. तू घाबरली होतीस हे मला आता समजतं. समजलं म्हणून राग जातो असं मात्र नाही.

पायऱ्या बुजवल्या नाहीत. गावाने नारू पत्करला, आपला पोहरा पत्करला नाही. हे मी कितीदा स्वतःशी म्हटलं असेल. दर उन्हाळ्यात स्वतःच्या पोरांच्या पायातून किडे निघताना पाहायचे, काड्या गुंडाळायच्या, कुणाचा गुडघा आखडलेला बघायचा, पण वस्तीची दोरी आपल्या पाण्यात नको. साहेब पुन्हा आले, पाण्यात औषध टाकून गेले, काय सांगायचं ते सांगून गेले. तेही पुरुषांना. पाणी भरणाऱ्या बाया भिंतीआड उभ्या होत्या, त्यांना कुणी समोर बोलावलं नाही. त्यांच्या कानावर पडलं तेवढं पडलं.

त्या सभेनंतर थोड्याच दिवसांनी आपलं पाणी बंद झालं. आपण काठावर बसून राहायचो आणि बाया भरलेल्या घागरी घेऊन सरळ पुढे निघून जायच्या. अव्वासुद्धा. तिने तर तोंड फिरवलं. तू त्या सुजलेल्या पायाने ओढ्यात उतरून वाळूत खड्डा करायचीस आणि त्यात झिरपलेलं पाणी वाटीवाटीने गोळा करायचीस. मी घागर धरून उभी. मला पक्कं ठाऊक होतं की हे माझ्यामुळे झालं. मी सभेत बोलले म्हणून. तू एकदाही तसं म्हणाली नाहीस आणि एकदाही नाही म्हणाली नाहीस. काही दिवसांनी अव्वाने आपण होऊन पुन्हा आपल्या घागरीत धार धरली, तेव्हा तू खाली वाकून पायरीला हात लावलास, पाया पडतात तसा. त्या वेळी मला तुझी लाज वाटली, हेही सांगून टाकते.

पण तू पाणी गाळायला लागली होतीस. तुझं एकुलतं एक चांगलं लुगडं होतं, हिरवं, जत्रेला नेसायचं. त्याचा पदर तू फाडलास, चार घड्या घातल्यास, नि घरात दार ओढून घेऊन घागरीच्या तोंडाला बांधलास. मी विचारलं, दार का लावायचं, तर म्हणालीस, "कुनाला दिसायला नगं." त्यातलाच एक चौकोन कापून, कडा दुमडून शिवून मला दिलास. शाळेच्या रांजणात पाणी त्याच बारवेचं. ओंजळीत पाणी ओतलं जायच्या आधी ते फडकं ओंजळीवर धरायचं, आणि कुणी विचारलं तर काय सांगायचं तेही शिकवलंस: "तोंड आलंय म्हन, आयनं वकद लावलंय." मला कधी नारू झाला नाही. आपल्या घरात तुझ्यानंतर कुणालाच झाला नाही. चादरी आणि टॉवेल सगळ्या देशाला पुरवणारा आपला जिल्हा, मागांचा खडखडाट पहाटेपासून चालायचा, आणि तिथल्या एका बाईला घागरीवर वीतभर फडकं बांधायला दार लावून घ्यावं लागत होतं. याला काय म्हणायचं?

पुढे हातपंप आले, आधी गावात, मग बऱ्याच वर्षांनी आपल्या वस्तीत. नारू गेला. देशातून गेल्याचं मी पेपरात वाचलं तेव्हा तू नव्हतीस. तुझा पाय घोट्यात आखडला तो आखडलाच, शेवटपर्यंत टाच जमिनीला टेकली नाही.

काल माईक हातात आला तेव्हा मी म्हटलं, हा फलक खोटा आहे. संपूर्ण गाव या पायऱ्या उतरलं नाही, अर्धं गाव उतरलं आणि त्या अर्ध्या गावाच्या पायांचं पाणी बाकीच्यांनी काठावर बसून प्यायलं. मांडवातून कुणीतरी म्हणालं, "आता जुनं कशाला उकरून काढायचं, मॅडम?" मी म्हटलं, "पोरांनी एवढा गाळ उपसला, तेव्हा नाही विचारलंत ते!" बोलावणारा पोरगा कानापर्यंत लाल झाला होता, पण उठून जवळ आला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, फलक बदलू. काय लिहायचं ते तुम्ही सांगा." त्याच्यासाठी तरी मी आले ते बरं झालं.

स्टेजवरून खाली उतरले तर पहिल्याच रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर अव्वा. वाळून काटकी झालेली, पण उंची लपत नाही. हातात काठी. तिने मला ओळखलं नव्हतं. "कुनाची गं तू?" म्हणाली. मी सांगितलं, खालच्या वस्तीतल्या त्या अधू पायाच्या बाईची लेक. तशी तिने शेजारची खुर्ची थोपटत कानडीत 'ये, ये' केलं. "बा, बा, हितं बस. तुजी आय लई गुनाची हुती बग." आणि मग, मी काही न विचारता, ती सांगत सुटली.

"त्या नारूवाल्या सायबाची सभा झाली की न्हाय, त्याच्या मागनं तुजी आय मला एकटीला गाठून म्हनली, 'अव्वा, पानी चौपदरी फडक्यानं गाळून पीत जावा. म्या आता गाळल्याबिगर पीत न्हाय. माजा पाय गेला त्यो गेला, तुमचा धड ऱ्हायला पायजे.' मला लई राग आला बग. म्हनलं, म्या वाढल्यालं पानी ही बया गाळून पितीया! आमचं पानी हिला घान वाटतंय! घरला येऊन समद्यांस्नी सांगितलं. मंग बायांनी मिळून तुमचं पानी बंद केलं."

मी म्हटलं, "मला वाटत होतं, मी सभेत बोलले म्हणून बंद केलं."

"छ्या! पोरीसोरीच्या बोलन्याला कोन इचारतंय?"

आये, इतकी वर्षं मी ते ओझं वाहिलं, आणि तुला सगळं ठाऊक होतं. तू बोलली होतीस. मला गप्प बसवणारी तू, स्वतः मात्र त्या बाईपुढे जाऊन बोललीस, आणि कशासाठी, तर तिचा पाय वाचावा म्हणून! तुझ्या शब्दाचं तिने काय केलं बघ. तिला झालेल्या अपमानाचं मूळ काय, तर तू पाणी गाळून प्यायलीस. त्यांचे पाय धुतलेलं पाणी आपण डोळे मिटून प्यावं, त्यात किडे वळवळले तरी प्रसाद म्हणून प्यावं, अशी यांची अपेक्षा होती. तुझा राग मला का येऊ नये, तेही सांग. मला का नाही सांगितलंस? मी दोष स्वतःकडे घेऊन घागर धरून उभी होते, आणि तू माझ्यापुढे वाटीने पाणी भरत गप्प!

अव्वा आपला गुडघा चोळत म्हणाली, "फुडच्या साली माज्या गुडग्यातनं नारू निगाला. तवापसनं ही काठी. ऐकलं असतं तर बरं झालं असतं गं." मग माझ्या हातावर हात ठेवला. हो, ठेवला, आता ठेवतात. आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "तुजी आय मागारी माज्याबद्दल कदी काय म्हनायची का गं?" तिला काय ऐकायचं होतं ते तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. काही नाही म्हणायची, अव्वा. कधीच वाईट बोलली नाही. एवढं एक वाक्य दिलं असतं तर ती म्हातारी सुखाने झोपली असती, आणि ते वाक्य खरं होतं.

मी म्हटलं, "म्हणायची ना. मरेपर्यंत शिव्या घालायची तुम्हाला. रोज सकाळी, पाणी गाळताना."

तिने हात काढून घेतला. "घालनारच की," म्हणाली, आणि काठीकडे बघत बसली.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. तुला अक्षरओळख नव्हती. तू असतीस तर मीच ते समोर बसून वाचून दाखवलं असतं, आणि इथवर आल्यावर कागद मिटून चहा टाकायला उठले असते. त्यामुळे पुढचं फक्त माझ्यापुरतं आहे. तुझ्या तोंडून मी तिच्याबद्दल एकही वाकडा शब्द कधी ऐकला नव्हता. मी एका म्हाताऱ्या बाईशी तिच्या तोंडावर धडधडीत खोटं बोलले, तेही तुझ्या नावावर. आणि आये, मला फार बरं वाटलं.